स्नोड्रॉप उगवले नाहीत, कारण कंद आधीच वाळले होते

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये राहायला आलात. गेल्या ऑक्टोबरात स्नोड्रॉपच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या छोट्या पांढऱ्या फुलाच्या, शंभर कंदांचं पाकीट आणून बागेत लावलंत. या फेब्रुवारीत त्यातले अकरा उगवले आणि फूल आलं फक्त दोघांना. घरामागच्या जुन्या चर्चच्या आवारात मात्र कोणी खत घालत नाही की पाणी, तरी झाडांखाली पांढराशुभ्र सडा पडलाय. तुम्ही विचारता: माझं काय चुकलं? तिथले चार ठोंब खणून आणले तर चालतील का? आणि तुमच्या लेकीचा प्रश्न: बर्फात हे फूल मरत कसं नाही?

लावण्यात तुमचं फारसं काही चुकलेलं नाही. कंद तुमच्या हातात आले तेव्हाच त्यातले बहुतेक मेलेले होते. इंग्लंडमधल्या बागांमध्ये मी गेली चोवीस वर्षं काम करते, आणि हीच गोष्ट दर वर्षी कुणी ना कुणी येऊन सांगतं. मी स्वतःही सुरुवातीला दोन वर्षं अशीच पाकिटं आणली होती. तेव्हा मला वाटायचं, माती खराब आहे. माती चांगली होती.

कंद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कांदा येतो. आजच्या वर्गीकरणात कांदा, लसूण आणि स्नोड्रॉप एकाच कुळातले, ॲमॅरिलिडेसीतले. पण कांद्यावर सुकलेल्या पापुद्र्यांचं दोन-तीन पदरी पांघरूण असतं, म्हणून तो चाळीत महिनोन्‌महिने टिकतो. ट्यूलिपचंही तसंच. तो मूळचा कोरड्या, उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या डोंगरांवरचा, त्याला उन्हाळाभर सुकं पडून राहायची सवय असते. स्नोड्रॉपचा कंद हातात घेऊन बघा. सुपारीएवढा किंवा त्याहून लहान, वर एकच पातळ तपकिरी साल, नखाने सहज निघते. आत पांढऱ्या, ओलसर खवल्या. पाणी धरून ठेवायला त्याच्याकडे दुसरं काही नाही. तो पानझडी जंगलाच्या जमिनीतला आहे. उन्हाळ्यात वर दाट सावली, खाली कुजक्या पानांचा थर, त्यात तो झोपतो. ती जागा कधी पूर्ण सुकत नाही, त्यामुळे सुकण्यापासून वाचायची युक्ती त्याला कधी शिकावीच लागली नाही.

असा कंद जूनमध्ये उपटायचा, गोदामात वाळवायचा, जाळीच्या पिशवीत भरायचा आणि ऑक्टोबरपर्यंत दुकानात टांगायचा, म्हणजे चार महिने त्याला पाण्यावाचून ठेवणं आहे. त्यातून शंभरातले अकरा जगले, तर ते अकरा चिवट म्हणायचे.

पुढच्या वेळी कंद घेताना अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच दाबा. टणक आणि आकाराच्या मानाने जड लागला तर जिवंत आहे. हलका लागला, साल आत सैल फिरत असेल, किंवा दाबल्यावर मऊ लागला, तर तो गेला. शंका आली तर एखादा उभा चिरून बघा. जिवंत कंद आतून कांद्यासारखा पांढरा आणि रसरशीत असतो, आणि मधोमध पुढच्या फुलाचा फिकट कोंब दिसतो. मेलेल्याच्या आत तपकिरी, भुसभुशीत पापुद्रे असतात.

आता या झाडाचं वर्ष कसं जातं ते सांगते, कारण बाकी सगळी उत्तरं त्यातूनच निघतात. ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरात माती थोडी गार आणि ओली झाली की कंदाच्या बुडातून मुळं फुटायला लागतात. वरून काही दिसत नाही, पण शरद ऋतूत कोंब मातीच्या पृष्ठभागाजवळ येऊन थांबलेला असतो. जानेवारीपासून मार्चपर्यंत फुलं येतात. झाडांना पालवी फुटून सावली पडायच्या आत, एप्रिल-मेपर्यंत, पाती मिळेल तेवढा सूर्यप्रकाश खातात आणि कंद भरतात. मग पाती पिवळी पडतात. पुढच्या वर्षाचं फूल त्याच सुमारास कंदाच्या पोटात घडायला सुरुवात होते. म्हणजे जे फूल तुम्हाला फेब्रुवारीत दिसतं, त्याची तयारी आदल्या उन्हाळ्यात झालेली असते. ऑक्टोबरात लावलेल्या कंदाची मुळं खरं तर महिनाभर आधीच सुटायला हवी होती. सुका कंद, त्यात उशीर, असं दोन्ही बाजूंनी त्याचं नुकसान झालं.

म्हणूनच इथे ‘इन द ग्रीन’ लावायची पद्धत आहे. फुलं ओसरली की पाती हिरवी असतानाच ठोंब उकरायचा, मोकळा करायचा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नवीन जागी लावायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपवाटिका ओल्या कागदात गुंडाळलेल्या अशा जुड्या विकतात. सुक्या पाकिटापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

पण याबद्दल माझं मत सरसकट सगळ्यांसारखं नाही. हिरव्या पातीसकट उकरताना मुळं तुटतात, आणि स्नोड्रॉपची तुटलेली मुळं त्या हंगामात पुन्हा नीट वाढत नाहीत. पाती मग भरपेट खाऊ शकत नाहीत, कंद लहान राहतो, आणि पुढच्या वर्षी काही कंद नुसती पाती काढतात. मी एकदा एकाच ठोंबाचे दोन भाग केले. अर्धा मार्चमध्ये हिरवा असताना हलवला, अर्धा जूनमध्ये पाती पूर्ण वाळल्यावर. जूनमधला भाग उकरल्यावर तासाभरात पुन्हा मातीत गेला होता. पुढच्या फेब्रुवारीत जूनच्या भागाला जवळजवळ सगळ्या कंदांना फुलं होती, मार्चच्या भागात निम्म्यांना. तेव्हापासून स्वतःच्या बागेतले कंद मी झोपेत असतानाच हलवते. बाहेरून विकत घ्यायचे असतील तर मात्र हिरवेच घ्या, कारण विकणाऱ्याने झोपलेला कंद किती दिवस सुकवलाय हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो. कंद कोणत्या महिन्यात हलवला याला दुय्यम महत्त्व आहे. तो हवेत उघडा किती वेळ राहिला, हे सगळ्यात महत्त्वाचं.

चर्चच्या आवाराबद्दल. परवानगीशिवाय एकही कंद उकरू नका. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टप्रमाणे कोणतीही रानवनस्पती जागेच्या मालकाच्या संमतीशिवाय मुळासकट उपटणं गुन्हा आहे. पण चर्चची व्यवस्था बघणाऱ्यांना जाऊन सरळ विचारा. दाट झालेले ठोंब विरळ करावेच लागतात, आणि फेब्रुवारीत फुलं बघायला लोक येतात तेव्हा अनेक ठिकाणी जुड्या विकायलाही ठेवतात. माझ्या पहिल्या बागेतले कंद असेच विचारून मिळाले होते. त्या बाईंनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून दिले आणि बजावलं, घरी पोचल्यावर चहा नंतर, आधी हे मातीत घाल.

तिथे कोणी न लावता ते कसे पसरले असं तुम्हाला वाटत असेल, तर कोणीतरी कधीतरी लावलेलेच होते. आपल्याला इतकी ब्रिटिश वाटणारी ही फुलं मूळची इथली नाहीत. सगळ्यात परिचित जात, गॅलॅन्थस निवॅलिस, पिरनीज पर्वतापासून पूर्वेला युक्रेनपर्यंतच्या पानझडी जंगलांमध्ये आणि ओढ्यांच्या काठांवर रानटी वाढते. ब्रिटनमधल्या बागांना ती सोळाव्या शतकात माहीत होती, जॉन जेरार्डच्या १५९७ च्या वनस्पतिग्रंथात तिचं वर्णन आहे, पण रानात उगवल्याची पहिली नोंद थेट १७७० च्या दशकातली. मठांचे अवशेष आणि जुनी चर्चं यांच्याभोवती ती इतकी का दिसते? २ फेब्रुवारीला ख्रिस्ती लोकांचा कँडलमसचा सण असतो, तेव्हाच ही फुलतात, म्हणून इथे त्यांना ‘कँडलमस बेल्स’ असंही म्हणतात. त्या सणासाठी मठवाल्यांनी लावली असावीत असं मानतात. मला ते पटतं, कारण मी पाहिलेले जुने, मोठे सडे बहुतेक अशाच जागांच्या आसपास आहेत.

नावाचंही सांगून टाकते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ‘गॅलॅन्थस निवॅलिस’ हे नाव दिलं: ग्रीकमध्ये ‘गाला’ म्हणजे दूध आणि ‘अँथोस’ म्हणजे फूल, तर लॅटिनमध्ये ‘निवॅलिस’ म्हणजे बर्फातलं. फ्रेंचमध्ये याला पर्स-नेज म्हणतात, बर्फ भेदणारं. इटालियन बुकानेवेचा अर्थही तोच. जर्मनमध्ये श्नेग्लॉक्शेन, बर्फाची घंटी.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न, मला यातला सगळ्यात आवडलेला. तिला म्हणावं, रात्री कडक थंडी पडून गेली की सकाळी सात वाजता अंगणात जाऊन बघ. स्नोड्रॉप आडवे पडलेले दिसतील, पाती जमिनीला चिकटलेली, काचेसारखी गडद हिरवी, देठ वाकलेले. मेले असंच वाटतं. पण हात लावू नको. दहा-अकराला ऊन आलं की पुन्हा बघ, सगळे उभे. पेशींच्या आतलं पाणी गोठलं तर पेशी फाटते आणि झाड मरतं. स्नोड्रॉपमध्ये बर्फ पेशींच्या बाहेरच्या फटींमध्ये आधी धरतो. पेशींमधलं थोडं पाणी बाहेर ओढलं जातं, आत उरलेला रस दाट होतो आणि दाट रस सहज गोठत नाही. पाणी बाहेर गेल्यामुळे पेशी सैल पडतात, म्हणून झाड लोळतं. बर्फ वितळला की पाणी परत आत येतं आणि ते ताठ होतं. पडलेलं असताना हाताळलं तर मात्र पाती काळी पडतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. म्हणून अशा सकाळी मी त्या वाफ्यांकडे फिरकतही नाही.

मातीतून वर येतानाची तयारीही तिला दाखवा. दोन पाती एकमेकींना चिकटून, त्यांची टोकं पांढुरकी आणि कडक. त्या टोकांनी गोठलेली माती आणि वर साचलेला पाचोळा भोसकला जातो. मी एकदा ओकचं एक वाळलेलं पान उचललं, तर स्नोड्रॉपने त्याला बरोबर मधोमध भोक पाडलं होतं आणि ते पान कॉलरसारखं गळ्यात घालून तो वर आला होता.

फूल जवळून बघायचं असेल तर एक तोडून घरात आणा. बाहेर थंडीत ते मिटलेल्या थेंबासारखं लोंबतं. उबदार खोलीत पाचेक मिनिटांत बाहेरच्या तीन पाकळ्या छत्रीच्या काड्यांसारख्या उचलल्या जातात. बाहेरही साधारण दहा अंश सेल्सियसच्या वर तापमान गेलं की असंच होतं. तेवढ्या उबेतच मधमाश्या आणि भुंगे बाहेर पडतात, त्यामुळे उघडण्याची वेळ त्यांच्याशी जुळते. आत तीन आखूड पाकळ्यांचा पेला असतो, प्रत्येकीच्या काठावर हिरवी खूण, उलट्या इंग्रजी ‘व्ही’सारखी. त्याच्या आत केशरी-पिवळ्या परागकोशांचा सुळका. परागकोश टोकाकडून उघडतात. भुंगा लटकून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे परागकण त्याच्या अंगावर पडतात.

या खुणेवरूनच स्नोड्रॉप आणि त्याचा भाऊबंद स्नोफ्लेक वेगळे ओळखता येतात. स्नोफ्लेकच्या, म्हणजे ल्यूकोजमच्या, सहाही पाकळ्या सारख्या लांबीच्या आणि प्रत्येकीच्या टोकाला ठिपका. चर्चच्या आवारात उंच, दोन-चार फुलांचे झुबके दिसले तर ते बहुधा तेच.

तुमच्या पाकिटावर काय लिहिलं होतं? ‘निवॅलिस’ असेल तर वर सांगितलेलं सगळं तंतोतंत लागू. ‘एल्वेसी’ असेल तर थोडी वेगळी गोष्ट. हेन्री जॉन एल्वेस यांनी १८७४ मध्ये तुर्कस्तानात, इझमीरजवळच्या डोंगरात ही जात गोळा केली, आणि ग्लॉस्टरशायरमधल्या त्यांच्या कोल्सबोर्न इथल्या बागेत आजही फेब्रुवारीत लोक स्नोड्रॉप बघायला जातात. एल्वेसीचे कंद मोठे, पाती रुंद आणि राखाडी-हिरवी, आणि ती ऊन आणि कोरडेपणा जरा जास्त सोसते. पाकिटातले जगलेले अकरा बघा: पाती रुंद, बुडाशी एक पात दुसरीला गुंडाळून आलेली असेल तर एल्वेसी. पाती अरुंद, सपाट, एकमेकींना हात जोडल्यासारखी समोरासमोर असतील तर निवॅलिस. रुंद पण चकचकीत, गडद हिरवी असतील तर वोरोनोवी, ती कॉकेशस आणि काळ्या समुद्राच्या किनाऱ्याकडची.

सुके कंद कुठून येतात हा प्रश्न मला सतावतो. तुर्कस्तानातून एल्वेसीचे आणि जॉर्जियातून वोरोनोवीचे लाखो कंद निर्यात होतात, आणि त्यांतला मोठा वाटा रानातून किंवा अर्धवट रानातून उकरलेला असतो. याच कारणाने १९९० पासून गॅलॅन्थसच्या सगळ्या जाती साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहेत. म्हणजे देशाबाहेर न्यायचे तर परवाना लागतो. एखाद्या सहलीत युरोपात कुठे कंद दिसले आणि पिशवीत घालून आणावेसे वाटले, तर आणू नका. विकत घेताना बागेत वाढवलेले आहेत का, हे विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे जा.

आता जागा आणि लावणी. पानझडी झाडाखाली, गुलाबाच्या झुडपांखाली, हेझलखाली, जिथे हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात सावली असेल तिथे लावा. सदाहरित झाडाच्या काळोखात नको. माती ओलावा धरणारी हवी पण पाणी तुंबणारी नको. चिकण माती असेल तर पानांचं कुजलेलं खत भरपूर मिसळा. माझ्या अनुभवात यासारखं दुसरं खत नाही. शेणखत ताजं असेल तर अजिबात घालू नका, कंद कुजतात. कंदाच्या उंचीच्या साधारण तिप्पट खोल, म्हणजे ८ ते १० सेंटीमीटर. हिरवे लावत असाल तर देठाचा जो भाग आधी मातीत होता तो पांढुरका असतो, तेवढाच पुन्हा मातीत गेला पाहिजे. एकेक कंद अंतराअंतराने रांगेत लावू नका. पाच-सातचे पुंजके करा, दोन-तीन वर्षांत पिल्लं होऊन ते एकमेकांत मिसळतात.

पाती पिवळी होईपर्यंत कापू नका आणि गाठीही मारू नका. गवतात लावले असतील तर मेअखेरपर्यंत तिथे यंत्र फिरवू नका. पाती आली पण फूल नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न हाच असतो: गवत कधी कापलंत? दुसरा प्रश्न: ठोंब किती वर्षं हलवला नाही? तीन-चार वर्षांनी कंद एकमेकांवर चढतात, उपाशी राहतात, त्यांना मोकळं करावं लागतं.

रोगांपैकी फक्त एकाकडे लक्ष ठेवा, करडी बुरशी. उगवतानाच पात राखाडी मखमलीसारखी दिसली तर तो कंद आजूबाजूच्या मातीसकट उकरून घराच्या कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. ओल्या, ऊबदार हिवाळ्यात ती जास्त पसरते. कुंडीत लावू का, असं पुढे विचाराल म्हणून: टाळा. उन्हाळ्यात कुंडी तापते आणि कंद सुकतो. हौशी लोक पाण्यातल्या झाडांसाठी मिळणाऱ्या जाळीच्या टोपलीत लावून ती टोपलीच जमिनीत पुरतात, ते चालतं.

एक सावधगिरी, आणि ही मनापासून सांगते. कंद दिसायला लहान कांद्यासारखा, पाती लसणीच्या पातीसारखी. दोन्ही विषारी आहेत. पोटात गेले तर मळमळ, उलट्या, जुलाब होतात. ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर कधीही ठेवू नका, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, हाताळताना हातमोजे घाला. याच वनस्पतीत गॅलँटामाइन नावाचं द्रव्य सापडलं. १९५० च्या दशकात सोव्हिएत संघात आणि बल्गेरियात त्यावर काम झालं, बल्गेरियाच्या दिमितर पास्कोव्ह यांनी त्यापासून निवालिन हे औषध तयार केलं, आणि २००१ मध्ये अमेरिकेत ते अल्झायमरच्या सौम्य ते मध्यम टप्प्यासाठी मान्य झालं. पण औषध म्हणजे मोजून दिलेली मात्रा, कंद चावून खाणं नव्हे. आजकाल ते डॅफोडिल आणि स्नोफ्लेकपासून काढतात किंवा प्रयोगशाळेत बनवतात.

तुम्ही ऐकलं असेल, काही लोक एकेका कंदासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात. खरं आहे. २०१५ मध्ये ‘गोल्डन फ्लीस’ नावाच्या पिवळ्या जातीचा एक कंद १३९० पौंडांना गेला, आणि २०२२ मध्ये ‘गोल्डन टिअर्स’चा १८५० पौंडांना. असे कंद वाढवायला लागतात बरीच वर्षं, कारण नवीन जात बियांतून जशीच्या तशी येत नाही. म्हणून कंद कापून वाढवतात. जून-जुलैत झोपलेला कंद उभा आठ-सोळा तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकड्याला बुडाचा थोडासा भाग राहिलाच पाहिजे. तुकडे बुरशीनाशकात बुडवून ओलसर वर्मिक्युलाइटमध्ये (ओलावा धरणाऱ्या हलक्या खनिजात) घालायचे, पिशवी बंद करून साधारण २० अंशांवर अंधारात ठेवायची. बारा आठवड्यांनी खवल्यांच्या बगलेत गव्हाच्या दाण्याएवढे पांढरे कंद दिसतात. पहिल्यांदा पिशवी उघडून ते पाहिले तेव्हा मी ते टेबलावर मांडून मोजत बसले होते, सत्तावीस. तुम्ही मात्र हे आत्ता करू नका. साधे निवॅलिस आणि ‘एस. आर्नॉट’ यांच्यापासून सुरुवात करा. ‘एस. आर्नॉट’ उंच, मधासारखा वास असलेला, भरभर वाढणारा आहे, आणि नवशिक्याला हमखास जमतो.

तुमचे अकरा कंद आहेत तिथेच राहू द्या. मार्च-एप्रिल कोरडा गेला तर आठवड्यातून एकदा झारीभर पाणी घाला. आत्ताच प्रत्येकाशेजारी एक काडी रोवा, नाहीतर जूनमध्ये पाती गेल्यावर ते कुठे होते हे विसराल आणि तिथेच खुरपं मारून बसाल. मे-जूनमध्ये पाती वाळल्यावर कंद लावलेली ती जागा उकरून बघा, कदाचित मातीत आणखी काही जिवंत सापडतील. न उगवलेला पण टणक कंद पुढच्या वर्षी उगवू शकतो.

आणि ज्या दोघांना फूल आलं त्यांचे देठ तोडू नका. भुंग्याने काम केलं असेल तर मेपर्यंत बोंड फुगतं, मग देठ हळूहळू झुकून जमिनीला टेकतो आणि बोंड फुटतं. आत फिक्या रंगाच्या बिया, प्रत्येकीला मांसल, पांढरट शेपूट. त्या शेपटीसाठी मुंग्या येतात आणि बी ओढून नेतात. शेपूट खाऊन झालं की बी आपल्या बिळाजवळ टाकून देतात. चर्चच्या आवारात भिंतीच्या फटीत, दगडी पायरीच्या कडेला एकटादुकटा स्नोड्रॉप दिसतो तो असाच तिथे पोचलेला असतो. लेकीला एका दुपारी तिथे बसवा, कोणती मुंगी कुठे जाते त्यावर लक्ष ठेवायला सांगा, आणि तिथेही एक काडी रोवा. त्या बियांना फूल यायला तीन-चार वर्षं लागतील.